बसून वाजवायची गिटार

आमच्या दुकानात दुरुस्तीला आलेली पहिली गिटार थेट कूलरसमोरून आली होती. नव्वद सालानंतरची गोष्ट, मे महिना. एक गृहस्थ सकाळी दुकान उघडायच्या आधीच सायकलरिक्षातून ती घेऊन पायरीवर येऊन बसले होते. दांडी धनुष्यासारखी वाकलेली, आणि पाठीचा जोड इतका उकललेला की त्यातून माझा हात आत गेला असता. मी विचारलं, कशानं झालं हे?

"कशानंच नाई," ते म्हणाले. "विकनाऱ्यानं सांगतलं होतं, लाकडाले गरमी लागू देऊ नका. म्हनून दोन महिने कूलरसमोर ठेवली. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत झोपलो."

घरात एकच कूलर. त्याच्यापुढे पोराची नवी गिटार, आणि आईबाप पंख्याखाली घामाघूम. ज्यानं वर्धेचा उन्हाळा काढलेला नाही त्याला या त्यागाची किंमत कळायची नाही. कूलरचा वारा गार असतो तसा ओलाही असतो. लाकूड दोन महिने पाणी पीत बसलं आणि शेवटी फुगलं. मला हसू येत होतं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून मी ते गिळलं. गिटार चिकटवून, वजनाखाली ठेवून सरळ करून दिली. मात्र तिला कायमची सर्दी झाली ती झालीच. नंतर मी दुकानात पाटीच लावली, की वाद्यं कूलरपुढे ठेवू नयेत. लोक ती वाचून हसायचे आणि घरी जाऊन तेच करायचे.

या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून हवा होता "वाद्यदुरुस्तीच्या क्षेत्रातील एका महिलेचा प्रवास". मी म्हटलं, प्रवास कसला, मी तीस वर्षं एकाच स्टुलावर बसून होते. माहेर नाचणगाव, सासर वर्धा. सासऱ्यांचं पेटी-तबल्याचं दुकान. आमच्या यांना गिऱ्हाइकाशी बोलायला फार आवडायचं, पण कान नव्हता. लग्नानंतर एकदा मी आत पोळ्या लाटत होते आणि सासरे बाहेर पेटी तपासत होते. मी आतूनच म्हटलं, "मामाजी, तो सूर उतरलाय." ते बाहेरून म्हणाले, "कोणता?" मी म्हटलं, "आता वाजवला तो." दुसऱ्या दिवसापासून पोळ्या सासूबाईंनी लाटल्या आणि मी दुकानात बसले. घरात यावरून जे महाभारत झालं ते इथं सांगत नाही.

काम सोपं करून सांगते. पेटीत पितळेच्या बारीक जिभा असतात, त्यांना आम्ही सूरच म्हणतो. जीभ टोकाला किंचित घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. घासताना केसभर जास्त झालं तर परत चिकटवता येत नाही. म्हणून हात हलका आणि कान जागा हवा. एवढीच विद्या. नवीन माणूस आला की विचारायचा, "मिस्त्री कुठं गेले?" मी म्हणायची, "मिस्त्री मीच. काय बिघडलंय?" मग तो आमच्या यांच्याकडे बघायचा आणि हे मान हलवायचे, तेव्हा कुठं वाद्य माझ्या हातात यायचं.

सासऱ्यांच्या काळात भजनी मंडळांची गिऱ्हाइकी होती. पुढे गावोगावी कीबोर्ड आले, आणि नव्वदनंतर होस्टेलची मुलं गिटार घेऊन येऊ लागली. एकदा असाच मेडिकलचा एक विद्यार्थी आला. काळा टीशर्ट, त्यावर हाडामांसाचा नव्हे, नुसत्या हाडांचा माणूस. मला वाटलं अभ्यासाचा भाग असेल. त्यानं इलेक्ट्रिक गिटार आणि सोबतचा अँप्लिफायरचा छोटा डबा टेबलावर ठेवला आणि तक्रार सांगितली, "काकू, याचा आवाज फाटत नाही."

माझी सगळी हयात आवाज फाटू नये म्हणून गेलेली. स्पीकर फाटला, भाता फाटला, कातडं फाटलं, हेच ऐकत आलेली. आणि हा मुलगा पैसे देऊन आवाज फाडून मागत होता. मी त्याला परत विचारलं, तर तो तेच म्हणाला. तेव्हा कोपऱ्यात बसलेले शरदभाऊ हसायला लागले.

शरदभाऊ वडनेरचे. भावाच्या जोडीनं शेती, आणि हिंगणघाटच्या एका ऑर्केस्ट्रात वीस-पंचवीस वर्षं गिटार. मानेपर्यंत वाढवलेले केस, निम्मे पांढरे, त्यावर गावातले म्हातारे जे बोलायचे ते त्यांना तोंडपाठ होतं. कॉलेजला नागपूरला गेले, तिथं खोलीवरच्या दोस्ताकडे विलायती रॉकच्या तबकड्या ऐकल्या आणि माणूस बिघडला. बिघडला हा शब्द त्यांच्या वडिलांचा. ऑर्केस्ट्रात अर्थातच सिनेमाची गाणी वाजवायची. पण कार्यक्रम सुरू होण्याआधी, लोक सतरंजीवर जागा धरत असताना, माईक तपासायच्या निमित्तानं ते पडद्याआड पाच-दहा मिनिटं आपलं रॉक वाजवून घ्यायचे. आमच्या जिल्ह्यात रॉक संगीताचे जेवढे म्हणून जाहीर कार्यक्रम झाले, ते सगळे असे माईक टेस्टिंगमध्ये झाले.

त्यांनी उठून त्या मुलाच्या डब्याची एक चावी पूर्ण फिरवली आणि गिटार छेडली. दुकानातल्या पेट्या थरथरल्या. समोरचा किराणावाला बाहेर आला. मुलगा मात्र देव भेटल्यासारखा उभा.

"भाऊ, याला संगीत म्हणायचं?" मी विचारलं.

"वहिनी, भजनात टाळ काऊन वाजवतात? अंगात यावं म्हनून ना?" ते म्हणाले. "पोट्ट्याईच्या अंगात काही यायले पाह्यजे, नाई तं ते नुसते डॉक्टर होतीन."

त्यानंतर होस्टेलची मुलं त्यांना शोधत यायला लागली. गुरुवारी ते बसनं वर्धेला येत आणि आमच्या दुकानाच्या पायरीवर त्यांचा दरबार भरे. मला त्या संगीतात शेवटपर्यंत फारशी गोडी लागली नाही, हे खरं ते सांगते. पण शरदभाऊ वाजवत असले की मी हातातली कानस खाली ठेवायची. त्यांचा एकेक सूर जागच्या जागी असायचा. फाटलेला असायचा, पण बेसूर नसायचा. हा फरक मला त्यांनी शिकवला.

त्या मुलांपैकी एक परवा-परवा भेटला, टक्कल पडलेला, सोबत शाळकरी मुलगी. मी विचारलं, फाटका आवाज ऐकतोस का अजून? म्हणाला, "काकू, बीपी आहे. आता बासरी ऐकतो."

आता गिटारीची एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. गिटारीच्या दांडीवर धातूचे पडदे असतात आणि वरून सहा तारा जातात. बोटानं तार पडद्यावर दाबायची, की सूर येतो. तार जितकी उंच, तितका बोटाला जोर लागतो. होस्टेलची मुलं म्हणायची, काकू तारा खाली घ्या, बोटं भराभर पळाली पाहिजेत. शरदभाऊ त्यांना हसायचे. "अरे, घाम गळायले पाह्यजे," म्हणायचे. त्यांच्या गिटारीच्या तारा सगळ्यांत उंच असत. गणपतीच्या आधी ती गिटार तपासायला यायची आणि मी तारांना हात लावायची नाही.

एका वर्षी ते म्हणाले, "वहिनी, तारा जराशा खाली घेता का? पावसानं दांडी हलली वाटते."

दांडी हलली नव्हती. तरी मी तारा खाली घेतल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षी जाड तारा काढून पातळ घातल्या. दरवेळी कारण वेगळं असायचं, कधी हवा, कधी तारांची कंपनी. मी सगळ्याला हो म्हणायची. सकाळी चहा दिला की ते पेला दोन्ही हातांत धरून शेकत बसायचे, थंडी असो की नसो. डॉक्टरनं संधिवात म्हणायच्या आधी कानशीनं मला ते सांगितलं होतं. मला त्यांना विचारावंसं वाटायचं, पण विचारलं असतं तर त्यांना खरं बोलावं लागलं असतं, आणि त्याची त्यांची तयारी नव्हती.

मग एक वर्ष असं आलं की ते म्हणाले, "वहिनी, अजून थोडं." आणि मला सांगावं लागलं, "भाऊ, आता खाली जागा नाही. तारा पडद्यांना टेकल्यात. अजून घेतल्या तर नुसती करकर येईल."

त्यांनी डावा हात उलटापालटा करून पाहिला. गिटार उचलली, "बरं" म्हणाले आणि गेले. गुरुवारचा दरबार संपला.

तसा ऑर्केस्ट्राही संपतच आला होता. गणपतीत, शारदा उत्सवात मंडळं डीजेची गाडी आणायला लागली. एका पोरात आणि दोन डब्यांत काम भागतं तिथं बारा माणसांना जेवू कोण घालणार? मी डीजेला नावं ठेवत नाही. सासरे कीबोर्डला नावं ठेवायचे, त्यांचे वडील म्हणे पेटीलाच ठेवायचे. पण एक गोष्ट मला तेव्हा फार जाणवली. भजनात म्हाताऱ्याला जागा असते. आवाज गेला तर तो टाळ धरतो, टाळ धरवला नाही तर पुढे बसून मान डोलवतो, आणि लोक त्याच्या पाया पडतात. रॉक वाजवणाऱ्यानं म्हातारपणी कुठं बसायचं, हे त्या संगीतात कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही. निदान आमच्या वडनेरपर्यंत तरी ती बातमी आली नव्हती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शोभाताई आल्या, शरदभाऊंची बायको. गिटार चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसनं आणली होती.

"ताई, हे विकून टाका," त्या म्हणाल्या.

"भाऊंनी सांगितलं?"

"ते काही सांगतच नाई ना. तेच तं हाये." त्यांचा आवाज चिरका झाला. "बोलतच नाई, ताई. जेवाले बसा म्हनलं का बसते, उठा म्हनलं का उठते. आधी माह्यासंगं दिवसभर भांडन करे हा मानूस. भाजीत मीठ कमी, दार उघडं काऊन ठेवलं, सगळ्यावर. आता रेडिओ लावला तं बंद कर म्हनून सांगायलेबी तोंड नाई उघडत. ते गिटार खुटीवर दिसते अन् त्याईची नजर तिथंच लागून राह्यते. म्हनून मी घेऊन आली. नजरेआड झाली तं बोलतीन."

मी त्यांना पाणी दिलं. गिटार विकायची नाही, माझ्याकडे राहू द्या, म्हटलं. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की हा माणूस असाच गप्प राहिला तर फार दिवस राहायचा नाही, आणि शोभाताईंनाही तेच कळत होतं. त्या परत जाताना पायरीवर थांबून पुन्हा एकदा गिटारीकडे बघून गेल्या.

उपाय भाजीच्या टोपलीतून आला. पवनारचे वामनराव आठवडी बाजाराला धाम नदीकाठची वांगी, काकड्या घेऊन एसटीनं येत, आणि माल संपला की आमच्याकडे टेकत. सासऱ्यांचे स्नेही, पंच्याहत्तरीच्या पुढचे. मला सूनबाई म्हणत. तेही गिटारच वाजवत, पण दुसरी. तिला हवाईयन गिटार म्हणतात. ती उभ्यानं गळ्यात अडकवत नाहीत, मांडीवर आडवी घेऊन बसतात. तारा खूप उंच असतात, बोटानं दाबायच्याच नसतात. डाव्या मुठीत पोलादाची कांडी धरून ती तारांवरून सरकवायची, की सूर घसरत घसरत जागेवर येतो. एके काळी घरोघरच्या रेडिओत हीच गिटार वाजायची.

त्या दिवशी मी वामनरावांना चहा दिला. त्यांनी कपाचा कान न धरता तो दोन्ही तळव्यांत धरला. त्यांची बोटं शरदभाऊंपेक्षा कितीतरी वाकडी होती, पेरांना गाठी आलेल्या. ज्या बोटांना कपाचा कान धरवत नव्हता, त्या बोटांनी हा माणूस रोज संध्याकाळी ओसरीवर गिटार वाजवत होता. कारण कांडीला फक्त मूठ लागते. मी त्यांच्या हाताकडे पाहतच राहिले.

ते गेल्यावर मी शरदभाऊंची गिटार खाली काढली. जुन्या पेटीच्या पितळी पट्टीचा तुकडा कापला, त्यात सहा खाचा पाडल्या आणि दांडीच्या टोकाशी तारांखाली बसवला. इतकी वर्षं ज्या तारा मी केसाकेसानं खाली नेल्या, त्या एका दुपारी बोटभर वर आणल्या. इलेक्ट्रिक गिटार होती तीच, पण आता ती उभ्यानं वाजणार नव्हती.

अडचण लाकडात नव्हतीच, माणसांत होती. हिंगणघाटच्या त्या ऑर्केस्ट्रात शरदभाऊंच्या आधी गिटारवाले होते ते वामनराव. नवा पोरगा आला, उभ्यानं वाजवणारा, केस उडवणारा, आणि मालकानं वामनरावांना कमी केलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण शेवटच्या कार्यक्रमात दोघं एकाच स्टेजवर होते. वामनराव मान खाली घालून कांडी सरकवत होते आणि विशीतले शरदभाऊ माईकवर म्हणाले, "काका, इस्त्री झाली का? कपडे आनू?" सगळा मंडप हसला. हिंगणघाट ते वर्धा वामनरावांचं नाव इस्त्रीवाले पडलं. बाजारात भाजी घेताना लोक त्यांना त्या नावानं हाक मारत. त्यांनी स्टेज सोडलं ते कायमचं. शरदभाऊंचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही, "तो उभ्यानं वाजवनारा" म्हणत. आणि तो गुरुवारी यायचा म्हणून वामनराव गुरुवारी चुकूनही फिरकत नसत.

शोभाताईंनी शरदभाऊंना कसंबसं दुकानात आणलं. त्यांनी उंच झालेल्या तारा पाहिल्या आणि त्यांना सगळं लगेच कळलं. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून वाक्य निघालं, तेही असं: "म्हंजे आता मी इस्त्री करू का, वहिनी?"

ते पायरी उतरून गेले. शोभाताई माझ्याकडे बघत मागोमाग गेल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. आमचे हे म्हणाले, "लोकांच्या घरात कशाला डोकं घालतेस?" मी त्यांना म्हटलं, मिस्त्रीचं काम दुसरं काय असतं?

पुढच्या बाजाराला वामनराव आले. खुंटीवरची गिटार त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"सूनबाई, हे इलेक्ट्रिकवर पट्टी कोनी चढवली? कोनाची हाये?"

मी खोटं बोलू शकले असते. नाही बोलले. नाव सांगितलं, हात कसा झालाय ते सांगितलं, शोभाताई काय म्हणाल्या तेही सांगितलं. वामनराव टोपलीत उरलेली काकडी इकडची तिकडे करत राहिले. चहा गार झाला. मग ते उठले, टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाले, "त्याले सांगजो, बसायले शिकत असन तं ये म्हना."

हा निरोप मी फोनवर शोभाताईंना जसाच्या तसा दिला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी आशा सोडली होती. एका सकाळी मी भात्याचं कातडं कापत होते आणि दारात सावली पडली. शरदभाऊ, एकटेच. स्वच्छ पांढरा शर्ट, केसांना तेल.

"वहिनी," ते म्हणाले, "पवनारची बस कुठून लागते?"

वडनेरचा माणूस, ज्यानं जिल्ह्यातला एकही मंडप वाजवायचा सोडला नव्हता, तो मला पवनारची बस विचारत होता. मी म्हटलं, "चला, दाखवते." हातातली कातर ठेवली, दुकान यांच्या हवाली केलं आणि गिटार घेऊन त्यांच्यासोबत बसमध्ये बसले. ते खिडकीबाहेर बघत होते आणि डाव्या हाताची मूठ उघडत-मिटत होते.

वामनराव ओसरीवर सतरंजी टाकून बसले होते. मांडीवर त्यांची जुनी लाकडी गिटार. शेजारी वांग्यांच्या टोपल्या. ते उठले नाहीत. नुसतं म्हणाले, "बस."

शरदभाऊंनी खुर्ची शोधली. खुर्ची नव्हती. गुडघे धरत धरत ते सतरंजीवर बसले, मांडी घालायला त्यांना चांगलाच वेळ लागला. वामनराव तोवर थांबले. मग त्यांच्याकडे न बघता बोलू लागले.

"त्या दिवशी सगळे हसले. चांगली बोललास तू, मीबी हसलो असतो. पन तिथं माह्यी पोरगी आलती पाह्यले. लहान होती. घरी येऊन मले म्हने, बाबा, तुमी खरंच इस्त्री करता का?"

शरदभाऊंची मान खाली गेली. मला वाटलं, संपलं, आता शरदभाऊ उठून जातील. मी उठायच्या बेतातच होते.

"चुकलं माह्यं, काका," शरदभाऊ म्हणाले. "लय चुकलं. मले तवाच समजलं होतं, पन येवाले तोंड नवतं."

"चुकलं तं चुकलं," वामनराव म्हणाले. "गिटार मांडीवर घे. आडवी. अशी नाई, अशी."

आणि त्यांनी आपली पोलादी कांडी शरदभाऊंच्या मुठीत दिली, वरून आपला हात ठेवला. दोन वाकडे हात एकावर एक. पहिला सूर निघाला तो कुठल्या कुठे घसरत गेला. दुसराही. ज्या माणसाचा एक सूर कधी हललेला मी ऐकला नव्हता, तो शाळेतल्या मुलासारखा चुकत होता आणि कानापर्यंत लाल झाला होता. वामनराव कुठं नुसता अंगठा सरळ करत, कुठं म्हणत, "घाई करू नको. सुराले येऊ दे, तू त्याले ओढू नको." तासभर तरी असं चाललं.

निघताना वामनरावांनी त्यांना थांबवलं. जरा घुटमळले. "एक सांगतो. तुह्या त्या फाटक्या आवाजाचा डब्बा हाये ना, तो पुढच्या टायमाले घेऊन येजो."

"कायले?" शरदभाऊंनी विचारलं.

"मी स्टेजमागं उभा राहून तुह्यं वाजवनं ऐकलं होतं. पडदा उघडाच्या आधीचं. राग आलता, पन ऐकलं. मले एकदा पाह्याचं हाये, माह्या गिटारीतून तसा आवाज निघते का."

शरदभाऊंनी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. वामनरावांनी दुसरीकडे तोंड फिरवून नातवाला हाक मारली, की पाहुण्यांना वांगी बांधून दे.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. वांग्यांची पिशवी पायाशी, गिटार उभी मांड्यांमध्ये, कांडी शर्टाच्या खिशात. वर्धेच्या स्टँडवर त्यांनी हिंगणघाटची बस धरली आणि मला नुसता हात केला. मी दुकानात परत आले ती धास्ती घेऊनच. इतकं उघडं झाल्यावर माणूस पुन्हा शिकायला येतो किंवा कायमचा दार लावून घेतो, आणि यातलं काय होणार ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नव्हतं. दोन-तीन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. एक सूर तर मी केसभर जास्त घासून बसले.

मग दुपारी दुकानातला फोन वाजला. शोभाताई होत्या. "ताई, थांबा," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांनी रिसीव्हर खोलीकडे धरला असावा. लांबून गिटार ऐकू येत होती. एकच सूर, पुन्हा पुन्हा. घसरत जायचा, जागेच्या जरा अलीकडे थांबायचा, परत मागे यायचा. स्पष्ट उतरलेला होता. पोळ्या लाटताना ओळखला असता इतका उतरलेला.

"ताई, बरोबर वाजवून राह्यले का ते?" शोभाताईंनी विचारलं.

तीस वर्षांत मी उतरलेल्या सुराला बरोबर म्हटलं नव्हतं. सासऱ्यांसमोर नाही, गिऱ्हाइकासमोर नाही. "एकदम बरोबर," मी म्हटलं.

"असंन बाप्पा, मले काय समजते," त्या म्हणाल्या. त्या रडत होत्या, पण आवाज हसरा होता. "तुमाले सांगाले फोन केला, ताई. आज सकाळपासून भांडून राह्यले माह्यासंगं. चहात साखर कमी पडली म्हने."